गुंडप्पाचं 'न्हाई'

जळकोटच्या अलीकडे, तिरू नदीच्या काठाला गुंडप्पाचं रान. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, रोज सकाळी मुंग्यांना साखर. सत्तरीच्या उमरीत मासा खाणं सोडा, त्याच्या वासालाही तो कधी थांबला नाही. समोरच्या काठावरचा दगडोबा जाळं घेऊन पाण्यात उतरला की हा अलीकडून ओरडायचा, "जीव घेतोस रे, कुठं फेडशील हे पाप?" वीस वर्षं हेच चाललं होतं.

यंदा नांदेडहून साक्षी नावाची मुलगी आली. काठच्या शेतीनं नदीचं आणि तिच्यातल्या गावठी माशांचं काय होतं, यावर तिचं संशोधन. तिच्या कागदावरचा पहिलाच प्रश्न, मासे मारता का?

"न्हाई," गुंडप्पा म्हणाला, जणू सत्काराचा नारळच घेतोय.

काठावरची झाडं कशानं गेली?

"पुरानं," असं म्हणून तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. करंज, जांभळं त्यानंच मशीन लावून उपटली होती, सोयाबीनच्या चार ओळी वाढाव्यात म्हणून.

तीन दिवस साक्षीनं दोन्ही काठांना मासे धरले, मोजले, परत सोडले. दगडोबाच्या काठाला झाडांच्या मुळांत मरळ, वाम, बारके मासे, अकरा जाती निघाल्या. गुंडप्पाच्या काठाला नुसता गाळ.

"अप्पा, झाडं गेल्यापासून दरसाल तुमच्या रानातली माती नदीत उतरते," ती म्हणाली. "खडीतली माशांची अंडी तिच्याखाली गुदमरतात. पण पुरापुढं तुम्ही तरी काय करणार?"

ती कीव त्याला फार लागली. "दगडोबा मारतोच की मासे," तो पुटपुटला.

"खाण्यापुरते मारतात. बाकीचे वाढतात."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथं तर ओरडणारा चोरच होता. समोर दगडोबा जाळं धूत बसला होता. झाडं कुणी काढली हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तीन दिवस साक्षीसोबत पाण्यात उभा राहूनही तो त्यातलं अक्षर बोलला नव्हता. गुंडप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साक्षी कागद पिशवीत घालू लागली.

"थांब, पोरी. पूर खोड. झाडं म्या काढली."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि पूर खोडला.

"आन् पयल्या सवालाला न्हाई लिवलंस न्हवं?"

"मासे मारता का, तो?"

"हां. तेबी खोड," गुंडप्पा म्हणाला. "व्हय लिव."