मासा, लिंबू, शंख, कुलूप, विमान

"आता डोकं खाली करून बघा," असं म्हणून ते स्वतःच आधी कमरेत वाकायचे. दोन्ही हातांची बोटं कानांपाशी शिंगांसारखी धरायचे आणि घसरणारा चष्मा नाकाने सावरत विचारायचे, "काय दिसतंय?" अकरा मुलं एका सुरात सांगायची, "इंग्रजी ए." फळ्यावरचं बैलाचं तोंड उलटं केलं की ए होतो, हे पटवायला पन्नाशीच्या माणसाने बिशानच्या माझ्या फ्लॅटमध्ये बैल व्हायचं, हे मला मुळीच आवडत नसे.

वर्ग माझा होता, हे आधीच सांगते. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. दर रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये मी इथे परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवायचे. बाराखडी, शुद्धलेखन, पाठांतर. मुलं जांभया देत यायची आणि जांभया देतच जायची. सगळ्यांत मोठी जांभई आमच्या सईची, वय वर्षं नऊ. मी मराठीत विचारावं आणि तिने इथल्या इंग्रजीत "डोन्ट नो लाह" म्हणावं. एकदा वैतागून मी सगळ्यांदेखत म्हणाले, "जाऊ दे, हिला मराठी येणारच नाही." आणि तिला मागच्या रांगेत बसवलं.

मग हे बैल होणारे गृहस्थ आले. पाया लेबारच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम, राहायला बेडोकला, एकटे. कुणाच्या तरी गणपतीत ओळख झाली. जुन्या लिप्यांचा नाद आहे म्हणाले, म्हणून मीच त्यांना वर्गाचा शेवटचा अर्धा तास दिला. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, ते माझ्याकडून शिकावं.

"फार पूर्वी लिहायचं म्हणजे शेकडो चिन्हं पाठ करावी लागत," ते मुलांना सांगायचे. "कुठलं चिन्ह म्हणजे अख्खा शब्द, कुठलं म्हणजे नुसता आवाज. ते शिकण्यात वर्षानुवर्षं घालवणारे लेखनिक वेगळे, बाकीचे सगळे अडाणी. मग इजिप्तच्या खाणींवर परक्या मुलखातले मजूर आले. एम्प्लॉयमेंट पासवर नोकरीला, आपल्यासारखे." मुलं खिदळायची. "त्यांना एवढं पाठ करायला वेळ कुठला? त्यांनी पंचवीस-तीस चित्रंच घेतली. बैल काढायचा, पण बैल वाचायचा नाही. त्याच्या नावातला पहिला आवाज तेवढा वाचायचा. चित्र विसरा, आवाज धरा."

"चित्र विसरा, आवाज धरा" हे त्यांचं पालुपदच होतं. मग त्यांनी मुलांना आपापली चित्रं ठरवायला लावली. वस्तूचं नाव मराठीतच हवं. स्वर लिहायचे नाहीत, कारण त्या मजुरांनीही लिहिले नव्हते. ते वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरायचे, म्हणजे वाचणाऱ्याला भाषा यायलाच हवी.

झालं. सई घरभर माझ्या मागे फिरू लागली. "आई, लॉकला मराठीत काय?" तीन वर्षं मी जे तिच्या घशात कोंबत होते, ते ही पोर आता मागून घेत होती, पण ताट वाढलं होतं दुसऱ्याने. माझा जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही. तुम्ही म्हणाल, मुलगी शिकतेय ना, मग झालं. तुमच्या घरात तिन्ही त्रिकाळ दुसऱ्याचं कौतुक सुरू झालं की मला सांगा. त्यांच्या अर्ध्या तासात मी मुद्दाम खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांत, जाऊन कॉफी पीत बसू लागले.

एके दिवशी फ्रीजवर सईने एक कागद लावला. मासा, लिंबू, शंख, कुलूप, विमान. मी लगेच अर्थ लावला. फ्लॅटला कुलूप, विमान, कोकणातला समुद्र, तळलेला मासा आणि वर लिंबू.

"डिसेंबरात जाऊ हं कोकणात," मी म्हणाले.

"नेव्हर माइंड," सई म्हणाली आणि खोलीत गेली.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर तोच कागद मी त्यांच्यापुढे धरला. "काका, इतके रविवार शिकून पोरगी चित्रं काढते. अक्षर एक नाही. तो अर्धा तास मी परत घेते."

त्यांनी कागद घेतला, मान तिरकी केली. ओठ किंचित हलले. मग चष्मा काढून त्यांनी सावकाश पुसला.

"वर्ग तुमचा आहे, बाई," ते म्हणाले. "पण हा कागद टाकू नका. सईकडून वाचून घ्या."

"त्यात वाचायचं काय?" मी म्हणाले. तरी कागद पुन्हा फ्रीजवर लावला, टाकला असं कुणी म्हणायला नको म्हणून.

ते परत आले नाहीत. काही महिन्यांनी कंपनीने त्यांची मनिलाला बदली केली. जाण्याआधी त्यांचा फोन आला, तो सईने घेतला. ती त्यांच्याशी चांगली दहा मिनिटं बोलली, तेही मराठीत. मी भाजी चिरत ऐकत होते आणि भाजी जाड चिरली जात होती. मला फोन देऊ का, असं तिने खुणेने विचारलं. मी नको म्हणाले.

ते गेल्यानंतर एका दुपारी फ्रीज पुसायला तो कागद काढला. नियम मला पहिल्यापासून माहीत होता. पण रागाने बघणाऱ्याला चित्रच दिसतं. आता राग धरायला कुणी उरलं नव्हतं. मी एकेका चित्रावर बोट ठेवत गेले. माशाचा म. लिंबाचा ल. शंखाचा श. कुलपाचा क. विमानाचा व. स्वर माझे मी भरले.

मला शिकव.

सई शाळेतून येईपर्यंत मी तो कागद हातात धरून बसले होते. माझ्या मुलीने मला लिहिलेलं ते पहिलं मराठी पत्र. माझ्या आधी ते त्यांनी वाचलं होतं, आणि माझ्या नावचं आहे म्हणून वाचूनही गप्प राहिले होते. त्याचा मला आजही हेवा वाटतो.