लाल गाडीच्या पोटाला लागलेला रंग

त्या लाल गाडीची घटना आठवली, की हसू येण्याआधी मला थोडी लाज वाटते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, वाघाच्या कातड्यामागे तीन दिवस जंगल तुडवलं. पण एका सरळमार्गी माणसाला मी चोर समजावं आणि त्यानेही मला खुशाल तसं समजू द्यावं, हे एकदाच झालं. नावं लिहीत नाही. मंडळी हयात आहेत आणि माझ्यापेक्षा चांगल्या गाडीत फिरतात.

तेव्हा मी चंद्रपूर भागात ठाणेदार होतो. ऊर्जानगरची क्वार्टर्स आमच्या हद्दीत येत. तिथे गुन्हे म्हणजे सायकलचोरी, नाहीतर कुंपणावरून दोन शेजाऱ्यांची हमरीतुमरी. एका सोमवारी सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात आमचा जुना खबऱ्या आला. धंद्याने भंगारवाला.

"साहेब, वीज केंद्रातला एक फिटर हाये. क्वार्टरच्या मागं टिनाच्या शेडमध्ये गाडी खोलून राह्यला. नऊ वर्षं झाले."

"स्वतःची असेल."

"असन. पण नऊ वर्षांत त्यानं मले एक नटबी भंगारात देला नाई. गाडी खोलणारा माणूस अन् भंगार नाई? नंबरप्लेटबी काढून ठेवली हाये. बुटकी गाडी हाये साहेब, दोन दाराची. लाल."

मी डायरी मिटली. तेलंगणातून चोरलेली एक लाल, दोन दारांची स्पोर्टी गाडी राजुऱ्याच्या बाजूने आपल्या जिल्ह्यात शिरली आहे, असा संदेश आठवडाभरापूर्वीच आला होता. कोळशाचे ट्रक धावतात त्या रस्त्यांवर असली गाडी बाळगणारा माणूस एक तर श्रीमंत असतो नाहीतर चोर, असा माझा पक्का समज होता. फिटर श्रीमंत असण्याची शक्यता कमी, म्हणजे काम सोपं. नऊ वर्षांची जुनी गाडी हा नुसता आडोसा, आत आता चोरीची उभी असणार, असा मी हिशेब केला. जमादाराला आणि दोन पंचांना घेऊन मी निघालो.

शेडमध्ये शिरलो आणि माझा संशय दुप्पट झाला. इतकं स्वच्छ गॅरेज मी कधी पाहिलं नव्हतं. पाने आकारानुसार भिंतीला टांगलेले, फरशीवर तेलाचा एक थेंब नाही. अति नीटनेटका माणूस काहीतरी लपवत असतो, हे माझं तीस वर्षांचं निरीक्षण. मध्यभागी चार लोखंडी टेकूंवर, त्यांच्या भाषेत घोड्यांवर, ती गाडी उभी होती. चाकं काढलेली, स्प्रिंगा जमिनीवर पुसून ओळीने मांडलेल्या. प्रत्येक सुट्या भागाला लाल कार्ड बांधलेलं: 'काम चालू आहे. हात लावू नये.'

फिटर पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा. जमादाराने दाराला हात लावताच तो कळवळला. "भाऊ, अंगठी काढा हातातली. रंगाले चरा पडते."

पंचनामा लिहायला घेतला आणि आमची फजिती झाली. अर्ध्या वस्तूंची नावं ना मला येत होती, ना पंचांना. शेवटी संशयितानेच सांगायचं आणि आम्ही लिहायचं, असं सुरू झालं. "सायलेन्सर, स्टीलचा, मोठ्या तोंडाचा. लिहा, हातानं वाकवलेला. शॉकअप, चार, उंची कमी केलेले. बकेट सीट, दोन. जमादार, 'कमी केलेले' वर जोर द्या, मेहनत लागली हाये त्याले." जमादार पोत्यावर आडवा होऊन गाडीखाली गेला आणि तिथून दिसेल ते ओरडून सांगू लागला. मी लिहून घेत राहिलो. पंचनामा अकरा पानांचा झाला.

फळीवर एक रजिस्टर होतं. वीज केंद्रात परवान्याशिवाय कोणी यंत्राला हात लावत नाही आणि काम करणाऱ्याला स्वतःचा परवाना स्वतः देता येत नाही, असा नियम. या गृहस्थाने तो घरी लागू केला होता. पहिल्या पानावर 'काम करणार' म्हणून त्याची सही आणि 'परवाना देणार' म्हणून बायकोची. खाली बायकोने स्वतःच्या अक्षरात अट घातली होती: 'पहिली फेरी भामरागडले.'

आरसी बुकावर गाडी पांढरी होती. समोर मात्र लाल. चासी नंबर पाहू गेलो, तर त्यावर इतका जाड रंग चढलेला की आकडे बोटालाही लागेनात.

"हे खरवडा," मी म्हणालो. "नंबर जुळला की आम्ही चाललो."

"रंगाचे सात हात मारले हाये साहेब. एक जागा खरवडली का तो रंग पुन्हा मॅच होत नाई."

"चोरीचा आळ येतोय तुमच्यावर."

"मंग नागपूरहून तुमचे लॅबवाले बोलवा. ते काही औषध लावून पाहतीन."

निर्दोष माणूस असं बोलत नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि शेडवर शिपाई बसवून त्याला ठाण्यावर आणलं. मागोमाग त्याची बायकोही आली. ठाण्याच्या आवारात जप्त गाड्या उभ्या असतात. कुणाच्या बॉनेटमधून पिंपळ उगवलाय, कुणाच्या सीटवर कुत्री व्यायलीय. फिटर तिथे थबकला. "माही गाडीबी इथीच लावान काय?" असं त्याने अगदी हळू विचारलं. मुद्देमाल म्हणून ती इथे आली असती तर नऊ वर्षांची मेहनत दोन पावसाळ्यांत मातीमोल झाली असती, हे त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं, आणि चौकशीत मी त्याचा फायदा घ्यायचं ठरवलं.

चौकशीत त्याने एकच धरून ठेवलं: गाडी माझी आहे आणि ती फाटकाबाहेर कधी गेलेली नाही. बायकोचा जबाब घेतला. भामरागडकडच्या खेड्यातली, ठसठशीत बोलणारी बाई.

"नऊ वर्षांत गाडी घरातून हलली नाई," ती म्हणाली. "हलली असती तर मी मायेरी एसटीनं काऊन गेली असती? हे दरवर्षी म्हणते, झालीच, थोडं राह्यलं. माही माय तिकडं आंगणात खाट टाकून वाट पाहून राह्यली, का जावई लाल गाडी घेऊन येते."

दुपारी चहा घेत मी पंचनामा वाचायला बसलो. हा कंटाळवाणा रिवाज मी कधी मोडला नाही. हाताने लिहिताना डोकं झोपलेलं असतं, वाचताना ते जागं होतं. नवव्या पानावर जमादाराने गाडीखालून ओरडून सांगितलेलं वाक्य होतं: 'पोटाच्या पत्र्यावर पुढील बाजूस हातभर लांबीचा ओरखडा, त्यास पांढरा व पिवळा रंग लागलेला.'

मी कप खाली ठेवला. पांढरा आणि पिवळा रंग एकत्र असतो तो गतिरोधकाच्या पट्ट्यावर. जी गाडी फाटकाबाहेर गेलीच नाही, तिच्या पोटाला रस्त्याचा रंग लागला कसा?

नवरा-बायकोला समोर बसवलं आणि नववं पान मोठ्याने वाचून दाखवलं. बायको नवऱ्याकडे पाहू लागली. नवरा टेबलावरच्या पेपरवेटकडे.

"साहेब," शेवटी तो म्हणाला, "हिले जरा बाहेर बसवा. मंग सांगतो."

आता कबुली येणार म्हणून मी जमादाराला कोरे कागद घ्यायला लावले. आली ती अशी. गाडी दोन वर्षांपूर्वीच पूर्ण झाली होती. बायको तेव्हा माहेरी गेली होती, एसटीने. तिला आणायला अचानक लाल गाडीतून जायचं, सासूच्या अंगणात हॉर्न वाजवायचा, असा याचा बेत. नवीन शर्ट घालून तो पहाटे निघाला. बल्लारपूर ओलांडून आष्टीच्या रस्त्याला लागला. एका गावाच्या शाळेसमोर गतिरोधक आला आणि गाडी त्यावर पोटावर बसली. पुढे जाईना, मागे येईना. पानठेलेवाल्याने तीन माणसं गोळा केली, चौघांनी ती उचलून खाली ठेवली.

"तवा मले उमजलं साहेब. अजून आलापल्ली लागाची होती. तिकडचे नाल्यावरचे रपटे, गोटे. एवढी खाली घेतली मी गाडी, दिसाले सुंदर म्हणून, का जिथं न्याची तिथंच जात नाई ते."

तो परत फिरला. बायको चार दिवसांनी एसटीनेच आली. तोवर गाडी पुन्हा घोड्यांवर चढली होती. उंच करायला घेई, पाहवत नसे. पुन्हा खाली करी, भामरागड आठवे. दोन वर्षं स्प्रिंगा काढणं आणि घालणं, एवढंच चाललं होतं.

आष्टीच्या रस्त्यावरच्या त्या पानठेल्यावर शिपाई पाठवला. त्याचा फोन आला: पानठेलेवाल्याला ती गाडी चांगली आठवत होती, कारण उचलताना त्याची कंबर धरली होती. माझा संशय फिटला. पण एक अडचण उरली.

"बाईंचा जबाब चुकीचा ठरतोय," मी फिटरला म्हणालो. "तो दुरुस्त करायचा तर खरं काय ते त्यांना सांगावं लागेल."

तो म्हणाला, "चोरी लिहून टाकता नाई येणार काय, साहेब?"

इतक्या वर्षांत गुन्हा नाकारणारे हजारो पाहिले. गुन्हा मागून घेणारा हा पहिलाच. मी त्याला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं आणि बायकोसमोर उभं केलं. जमादार फाईल शोधण्याच्या निमित्ताने दारातच घोटाळत राहिला. खरं सांगायचं तर मीही.

त्याने सगळं सांगितलं. संपल्यावर तिने विचारलं, "कितीक उंच होती जमिनीपासून?"

त्याने चार बोटं दाखवली.

"अन् आपल्याकडच्या रपट्यावर किती पायजे?"

त्याने वीत पसरली. तिने त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "म्हणजे तुमी मले आणाले निघाले होते," ती म्हणाली. मला तिथे उभं राहणं बरं वाटेना. पण ते क्षणभरच. लगेच ती जमादाराकडे वळली. "भाऊ, पॉलिश पेपर भेटन काय इथं?"

संध्याकाळी पंचांसमक्ष, नवऱ्याच्या लेखी संमतीने, तिने तो नंबर स्वतः घासून उघडा केला. सातही हात. नवरा शेडच्या दाराशी पाठ करून उभा होता आणि प्रत्येक घासणीला त्याचे खांदे वर जात होते. नंबर आरसी बुकाशी तंतोतंत जुळला. रंग बदलल्याची नोंद केली नव्हती, म्हणून त्याला आरटीओकडे पाठवलं आणि शिपाई उठवला. चोरीची गाडी पुढे नागपूरच्या बाजूला सापडली. भंगारवाल्याला मी दोन महिने ठाण्याची पायरी चढू दिली नाही.

त्या हिवाळ्यात मी आलापल्लीच्या पुढे एका नाक्यावर बंदोबस्ताला होतो. समोरून धुळीतून एक लाल गाडी येताना दिसली. चांगली वीतभर उंच, तंगड्यांवर चाललेल्या कोंबडीसारखी. मी हात केला. फिटर चालवत होता, शेजारी बायको, मांडीवर आईसाठी घेतलेलं नवं लुगडं.

"झाली म्हणायची पूर्ण," मी म्हणालो.

"कायची साहेब. पाहा ना कशी दिसून राह्यली. थोडं राह्यलंच हाये अजून."

बायकोने आरशाकडे बोट दाखवलं. तिथे हिरवं कार्ड लटकत होतं: 'काम पूर्ण.' खाली तिची सही. "त्यायच्या कंपनीचाच नियम हाये, साहेब. परवाना ज्यानं देला, तोच बंद करते. देला होता मी." मग नवऱ्याला म्हणाली, "चला. माय वाट पाहून राह्यली." मी स्वतः बांबू वर उचलला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? तपासात गाडीच्या पोटाखालीही पाहावं, हे एक. नवशिक्यांना मी तेवढंच सांगायचो. दुसरी गोष्ट कळायला मला निवृत्त व्हावं लागलं. या आठवणी मी चार वर्षं लिहितो आहे. एक वाक्य काढतो, पुन्हा घालतो, कोणी विचारलं की थोडं राहिलंय म्हणतो. परवा हीच हकीकत बायकोला वाचून दाखवली. तिने शांतपणे चष्मा काढला आणि विचारलं, "निवृत्त झालात त्या दिवशी, लिहा म्हणून कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

सांगितलं होतं तिनेच. मी कागद तिच्या हातात दिले. संपादकांना पाठवायच्या पाकिटावर पत्ताही तिनेच लिहिला.