तुटक रेघेची वायर

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी, तीही इलेक्ट्रिकलची. हे मी कुणी न विचारताही सांगते. अर्नाळ्याहून रोज जाऊन-येऊन शिकले, मग लाजायचं कशाला? आता सातिवलीच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेल तपासते.

बाबांनी होडीवर नवा फिरवायचा स्विच बसवला होता. बंद, इंजिन, दिवे, दोन्ही, अशा त्याच्या चार जागा. इंजिनाची बॅटरी वेगळी, दिव्यांची वेगळी. खोक्यातला कागद बघून जोडणी त्यांनी स्वतःच केली. पण रात्री नांगर टाकून दिवे लावले की सकाळी इंजिन सुरूच होईना. दोनदा दुसऱ्या होडीनं ओढून आणलं. किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या बायका विचारायला लागल्या, "आज कोनाच्या दोरीनं आलात?" बाबा म्हणायचे, बॅटरीच खराब निघाली. पण वाऱ्यापावसात इंजिन असं बसलं तर काय, ही धास्ती त्यांच्या ताटात उरलेल्या भातावरून कळायची.

सुट्टीच्या दिवशी मी होडीवर चढले आणि कागद मागितला. चित्रात दोन काटे, प्रत्येकासमोर चार टिंबं आणि दोन्ही काट्यांना जोडणारी एक तुटक रेघ. स्विच उघडला, तर त्या रेघेच्या जागी खरोखरची वायर. प्लास्टिक काळवंडलेलं.

"ही का घातली?"

"कागदावर हाय ना."

"आणि एवढी बारीक?"

"रेघ तुटक हाय. म्हटलं, करंट थोडाच जात असंल."

मी हसून हसून फळीवरच बसले. मग सांगितलं, ती वायर नव्हेच. मूठ एक आहे, ती फिरवली की दोन्ही काटे बरोबर फिरतात, एवढंच ती रेघ सांगते. त्यांच्या वायरीनं दोन्ही बॅटऱ्या एक झाल्या होत्या, आणि दिवे रात्रभर इंजिनाची बॅटरीही खात होते. बाबांनी कागदावर दोन बोटं ठेवून चारही जागांवर फिरवून पाहिली. मी बॅटऱ्या सोडवल्या आणि ती वायर काढली.

"येवढी शिकलीस ती वायर काढायला काय?"

"लावायला तुम्ही आहात ना, बाबा."

बॅटऱ्या चार्ज करून ते गेले आणि अर्नाळ्याच्या किल्ल्याच्या पुढं नांगर टाकून रात्रभर दिवे लावून राहिले. सकाळी मी बसची वाट बघत होते तेव्हा त्यांचा फोन आला. नुसतं इंजिन ऐकू येत होतं. बस आली, पण मी फोन कानावरून काढला नाही.