तोकुसाबुरो वस्तादांची जीभ

आमच्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भट्टीत हिवाळाभर नात्तो खायला बंदी असते. हे तारा सुटणारं, आंबवलेलं सोयाबीन गावात सगळे सकाळी गरम भातावर घालून मिटक्या मारत खातात. पण त्यातले जंतू साकेच्या भातावर वाढवलेल्या बुरशीत शिरले, की ती बुळबुळीत होते आणि सगळा घाणा वाया जातो. म्हणून साके बनवणारे आमचे तोकुसाबुरो वस्ताद पहाटे दाराशी उभे राहून प्रत्येकाचं तोंड हुंगायचे. टपालवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही. तो बिचारा पत्रं बर्फात टाकून पळायचा. मी इथे बाटल्या धुतो. मला तर ते सुटीच्या दिवशीही रस्त्यात अडवून "आ कर" म्हणायचे.

साके चांगली झाली की वस्ताद घोट तोंडात खुळखुळवून थुंकायचे आणि म्हणायचे, "पिता येईल." त्यांच्या शब्दकोशात याहून मोठी स्तुती नव्हती. आमच्या मालकीणबाई, रेइकोबाई, त्या दोन शब्दांवरून बाटलीच्या चिठ्ठीवर 'देवदाराच्या रानातल्या पहाटेसारखी' वगैरे छापून आणायच्या. ते वाचून वस्ताद विचारायचे, "हे कुणाच्या दारूबद्दल आहे?"

वस्ताद डोंगरापलीकडचे. भातकापणी उरकली की ट्रंक घेऊन यायचे, चेरी फुलली की परत. संसार केला तो उन्हाळ्यांतून. त्यांच्या बायकोला, किनुबाईंना, नात्तो फार प्रिय. हिवाळाभर त्या एकट्याच खायच्या.

यंदा थंडीच्या ऐन भरात किनुबाई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. वस्ताद गेले. सकाळी सुनेनं दोन वाट्या आणून ठेवल्या. नवऱ्यानं आपल्या वाटीला हात लावला नाही हे बघून किनुबाई म्हणाल्या, "अहो, लग्न माझ्याशी केलंत की भट्टीशी? निदान आज तरी बरोबर खा."

वस्तादांनी खाल्लं. दोन दिवसांनी त्या गेल्या.

दिवसकार्य उरकून वस्ताद परत आले ते थेट न्हाणीघरात शिरले. कातडं सोलून निघेल इतकं अंग घासलं, कपडे उकळले. तरी बुरशीच्या खोलीत पाऊल म्हणून टाकलं नाही. दाराबाहेरून ओरडून काम सांगायचे आणि आतून त्यांचा उजवा हात गिइची ओरडून उत्तर द्यायचा. दोघांचे घसे बसले. आम्ही हसलो, तेव्हा हसू येत होतं.

मग नव्या टाकीची साके गाळली. तळाशी निळी वर्तुळं असलेले पांढरे पेले मांडले गेले. वस्तादांनी घोट घेतला, थुंकला आणि पेला खाली ठेवला.

"नात्तो," ते म्हणाले. आणि घरी काय खाल्लं ते त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

मालकीणबाईंनी चाखली. "मला काही लागत नाही, वस्ताद."

"तुम्हाला पहाटा लागतात. गिइची, तू बघ."

गिइचीनं दोनदा चाखली. "नाही लागत."

"सर्दी झालीय तुला."

मालकीणबाईंनी पेला खाली ठेवला. "तुम्ही म्हणाल तर सगळी टाकी ओतून टाकू. तुमच्या जिभेवरच ही भट्टी चाललीय."

हे ऐकून वस्तादांचा चेहरा आणखी उतरला. "गेल्या सालची आणा," ते म्हणाले.

ती किनुबाई धडधाकट असताना झालेली. वस्तादांनी स्वतः 'पिता येईल' म्हटलेली. घोट घेऊन त्यांनी तोही पेला खाली ठेवला. मग मला म्हणाले, "विहिरीचं पाणी आण."

मी आणलं. ते त्यांनी थुंकलं नाही, गिळलं.

"यातही आहे," ते म्हणाले.

पाण्यात नात्तो नव्हता हे ओळखायला वस्ताद असावं लागत नाही.

"गिइची, साके कशी आहे, सांग."

"चांगली आहे, वस्ताद."

"चांगली तर माझी चप्पलपण आहे. नीट सांग."

गिइचीनं परत घोट घेतला. गडी लाल झाला होता. "आधी गार लागते. मग भात उकडताना वाफ येते ना, तशी गोडी. मग थोडी कडू."

"कडू कुठे?"

"जिभेच्या मुळाशी."

"रेंगाळते?"

"नाही. लगेच जाते."

"खरं सांग. मला वाईट वाटेल म्हणून नको."

"लगेच जाते, वस्ताद."

वस्तादांनी मान हलवली. एखाद्या परगावच्या माणसाची खुशाली ऐकावी, तसं ते ऐकत होते.

"मग बाटल्या भरा," ते म्हणाले. "आणि पुढच्या टाकीचंही तूच बघ."

मालकीणबाईंनी वस्तादांपुढचा पेला उचलला. त्यांनी उचलू दिला.