पान्योंगने खोलात नेलेली फुलं

नोंग पान्योंगच्या, म्हणजे पान्योंगदादाच्या, डाव्या हाताचा अंगठा चपटा होता. उभी हयात त्याने तो समुद्रफुलांच्या पायाखाली घातला होता. समुद्रफूल हा खरं तर फुलासारखा दिसणारा प्राणी; खडकाला धरून बसतो तो एका मांसल तळव्यावर. सुरी लावली की तळवा फाटतो, आणि फाटलेलं फूल बादलीत सडून सोबतचे मासेही मारतं. पान्योंग सुरीला हात लावत नसे. अंगठ्याने कडेकडेने गुदगुल्या करत राहायचं, मग फूल कंटाळून आपणच सुटतं, असं तो सांगायचा. फिलिपिन्समधल्या बोहोलच्या आसपासच्या बेटांवर असा अंगठा दुसऱ्या कुणाला नव्हता.

एके काळी व्यापारी फुलंही नेत आणि फुलांत राहणारे नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासेही. काचेच्या पेट्यांत ठेवायला म्हणे. साऱ्या बेटाने तोंडात हवेची नळी धरून बुड्या मारल्या आणि बघता बघता एकेक खडक बोडका केला. उरला तो पान्योंगचा खडक. तिथे त्याने स्वतःपुरता एक नियम पाळला होता: फुलातले छोटे मासे घ्यायचे, सगळ्यात मोठा कधीच नाही. मोठी असते ती मादी. ती गेली तर तिचा नर हळूहळू स्वतःच मादी होतो, छोट्यांतला एक वाढून नर होतो, आणि तोवर अंडी नाहीत. सगळेच काढले तर फुलाला राखणदार उरत नाही. मग पिवळे चोचीवाले मासे येतात आणि फुलाचे हात खुडून खातात. ज्या हातांचा डंख इतरांना सोसत नाही, त्यांत हे नारिंगी मासे अंगावरच्या बुळबुळीमुळे खुशाल लोळतात, आणि भाडं म्हणून पहारा देतात.

"नोंग, तुमच्या खडकावर बायको गेली की नवराच बायको होतो म्हणे!" शेजारचा क्रिस्पुलो माडीचा पेला हातात घेऊन चिडवायचा. "नांग सिद्राला, आमच्या वहिनीला, जपा हं!"

"होऊ दे की बायको," त्याची बायको सिद्रा चुलीपाशून म्हणायची. "पण आधी याला मक्याचा भात न करपवता शिजवायला शिकव. मी मरेन ती निवांत मरेन."

पान्योंग हसायचा. सिद्राला आणि त्याला पोरबाळ नव्हतं. तो खडक तेवढा होता.

त्या वर्षी उन्हाळा हटेना. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात पाय टाकला की अंघोळीचं पाणी वाटे. एका सकाळी पान्योंग बुडीचा लाकडी चष्मा लावून उतरला तर फुलं पांढरी पडलेली. क्रिस्पुलो होडीतून वाकून बघत होता.

"आई गं, काय देखणी दिसतायत! लग्नाचा झगा घातल्यासारखी."

"गाढवा, आजारी आहेत ती."

सरकारी मत्स्यखात्यातली मुलगी चॅपलच्या अंगणात येऊन सांगून गेली होतीच. फुलाचा तपकिरी रंग फुलाचा नसतो. त्याच्या मांसात बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि फुलाला खाऊ घालतं. पाणी फार तापलं की फूल ते शेवाळ बाहेर टाकतं आणि उपाशी राहतं. "पाणी निवलं तर शेवाळ परत येईल," ती म्हणाली होती. "कुणी हात लावू नका. वाट बघा."

पान्योंगने ऐकलं होतं. पण वाट बघणं त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं. पकडलेल्या माशांची जाळीची पिशवी उन्हात उथळ पाण्यात ठेवायची नाही, दोरीने खोल गारव्यात सोडायची, नाहीतर व्यापारी यायच्या आत मासे मरतात. बेटावरच्या लेकरालाही हे माहीत होतं. जे माशाला, तेच फुलाला.

"खाली उतारावर पाणी गार आहे," तो सिद्राला म्हणाला. "सगळी तिथे नेतो."

"पान्यो, ती पोरगी हात लावू नका म्हणाली ना?"

"तिने कधी फूल काढलंय का?"

"नाही. म्हणूनच तिने एकही मारलं नसेल."

तो जेवता जेवता उठून गेला.

क्रिस्पुलोने होडी धरली, हवेचं यंत्र सांभाळलं. पान्योंग पोहायला पायाला प्लायवूडची फळी बांधून दिवसभर खालीवर करत राहिला. अंगठा घालायचा, फूल सोडवायचं, त्याचे मासे जाळीत घ्यायचे, उतारावर नेऊन ठेवायचं. फुलं एरवीपेक्षा लवकर सुटत होती. आपला हात आज बरा चाललाय, असं त्याला वाटलं. त्यांच्यात धरून ठेवायचा जोरच उरला नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

एक फूल मात्र निघेना. त्याचा पाय भेगेत खोल गेलेला. अंगठा पोचेना, आणि त्याची मोठी मादी येऊन अंगठ्यालाच चावत होती.

"मरा मग इथेच," पान्योंग मनात म्हणाला आणि वर आला.

उतारावर सगळा भुगा होता, मेलेल्या पोवळ्याचा. फुलांनी त्यावर पाय टेकलाच नाही. पाण्याची ओढ लागली की ती गडगडत. पान्योंग रोज जाऊन त्यांना सरळ करी, माशाचे बारीक तुकडे त्यांच्या हातांवर ठेवी. हात मिटत नसत; तुकडा वाहून जाई. फुलं आकसून मुठीएवढी झाली. मासे त्यांच्याभोवती घुटमळत, पण मुठीएवढ्या फुलात लपणार किती? मोठे मासे येऊन एकेक उचलू लागले. मग पिवळे चोचीवाले आले. पान्योंग हात हलवून त्यांना हाकलायचा, पण आता हवेची नळी नव्हती, श्वासाला वर यावंच लागे. परत खाली जाईपर्यंत ते पुन्हा जमलेले असत.

शेवटी उतारावर काहीच उरलं नाही. त्याने जाणं सोडलं.

पाऊस लागला, वारं फिरलं, पाणी निवलं. बऱ्याच दिवसांनी क्रिस्पुलो धावत आला.

"नोंग! ते भेगेतलं! तपकिरी झालंय! पायाशी अंडी आहेत, नर परांनी वारा घालतोय. चला ना!"

"पाहिलं असशील दुसरं काही."

"देवाशपथ, नोंग. नांग, तुम्ही सांगा यांना."

सिद्राने खुंटीवरचा चष्मा काढून नवऱ्याच्या हातात दिला.

फूल भरून आलं होतं. हात लाटेबरोबर डोलत होते. मादी सरळ अंगावर आली आणि अंगठ्याला चावली. पान्योंगने हात मागे घेतला. मग त्याला खडक दिसला. जिथून एकेक पाय सोडवला होता त्या सगळ्या जागा अजून तशाच होत्या, गोल आणि मोकळ्या. प्रत्येक ठिकाणी कोण बसलं होतं, ते त्याला ठाऊक होतं.

वर आल्यावर क्रिस्पुलोने हात देऊन त्याला होडीत ओढलं. "बघितलं ना? तुमचं एक तरी वाचलं!"

"माझा हात पोचला नाही म्हणून," पान्योंग म्हणाला.

त्याने चष्मा क्रिस्पुलोच्या मांडीवर ठेवला. तो त्याने परत मागितला नाही.

बेट सखल, त्यामुळे संध्याकाळी भरतीचं पाणी नेहमीसारखं घरात शिरलं. सिद्राने पाय खुर्चीवर घेतले आणि त्यालाही घ्यायला सांगितलं. पान्योंगने ऐकलं नाही. पाण्यात पाय सोडून तो बसून राहिला, डावा हात उजव्याखाली दाबून.