भट्टीतलं माणिक

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे ते माझ्या आत्याचं. आमच्या वाडीतली शाळा चौथीला संपायची. पुढे आत्याने मला तालुक्याच्या गावी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो आणि मुंबईजवळच्या हाटकेशमधल्या एका लॅबमध्ये रत्नं तपासायच्या नोकरीला लागलो.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो, तेव्हा तिने तिची माणकाची अंगठी माझ्या हातात ठेवली. लग्नानंतर आतोबांनी मुंबईहून आणलेली. आतोबा आता नाहीत. अंगठी नव्या सुनेला द्यायचं आत्याच्या मनात होतं, पण तिचे दीर भर पंगतीत म्हणाले होते, "वहिनी, पोरीला काच कसली देताय!"

"यात एक डाग नाही की रेघ नाही," आत्या म्हणाली. "तूच बघ नि खरं काय ते सांग. ह्यांनी माणिक म्हणून दिलंय मला."

डाग नाही, हे ऐकूनच मला धस्स झालं. खाणीतल्या माणकात बहुधा काहीतरी असतंच, रेशमासारखे धागे, बारीक कण. त्यांना आम्ही इन्क्लूजन म्हणतो. गिऱ्हाइकाला तो दोष वाटतो, आम्हाला ते दिसलं की हायसं वाटतं. लॅबमध्ये परतल्यावर आत्याचा खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर धागे नाहीत, आत वळणदार रेघा आणि एक गोल बुडबुडा; खाणीतल्या खड्यात असं नसतं.

"खोटा निघाला," मी आमच्या गुजराती शेठना म्हणालो.

"खोटा तो मेरा जमाई है. ये क्या है वो बोल. काँच है?"

"नहीं. सिंथेटिक."

"तो फिर? इमिटेशन मतलब शकल माणेक की, माल दूसरा. ये तो माल भी माणेक का है, बस भट्टी में बना. वही बता उनको."

आत्या फोन स्पीकरवर ठेवते आणि सगळं घर ऐकतं. म्हणून पत्र लिहिलं.

"ती. आत्या,

तुझा खडा काच नाही. माणिक ज्याचं बनतं त्याचाच आहे. पण तो जमिनीत झालेला नाही, माणसाने भट्टीत केलेला आहे. खाणीतल्या माणकाचा भाव त्याला येणार नाही. आतोबांना दुकानदाराने काय सांगितलं होतं, ते मला कळायला मार्ग नाही. मला त्यांच्या बोलण्यात खोट दिसत नाही. सुनेला द्यायचा की नाही ते तू ठरव. दिलास तर हे सगळं तिला सांगून दे. अंगठी गणपतीला येताना घेऊन येतो."