एकशे बाराव्या पानाचा डिंक

काय विचारता राजेहो! कादंबरी लिहिली हाच एक मूर्खपणा, पण त्याच्यावर मी जो कळस चढवला ना, तो ऐका!

शेलूबाजारच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसून पाच वर्षं लिहिली. छापून आली, तर लोक काय म्हणतात? "सही करून एक भेट द्या ना!" अरे, भाजीवालीला कधी म्हणता का, एक मेथीची जुडी भेट दे म्हणून? आणि भेट घेऊन वाचतो कोण? अख्ख्या गावात वाचली ती एका माझ्या बायकोनं, सुनीतानं.

मग स्पर्धा! तीन ठिकाणी पाठवली, साधी पोचसुद्धा नाही. डोकं असं फिरलं! वाशीमच्या स्पर्धेला पाठवताना एकशे बारा आणि एकशे तेरा ही पानं मी बाभळीच्या डिंकानं एकमेकांना चिकटवूनच दिली. परीक्षकानं वाचलं तर सुटतील. नाही सुटली तर चोर सापडला!

बक्षीस समारंभाला टेबलावर सगळी पुस्तकं मांडलेली. माझं उचललं. पानं चिकटलेलीच! अंगाची नुसती आग आग झाली.

निकाल जाहीर व्हायच्या आधीच मी निवेदकाच्या हातातून माइक ओढला. पहिल्या रांगेतून सुनीता खुणा करतेय, "अवो, बसा ना! कायले तमाशा करता?" मी कशाला ऐकतो!

"या परीक्षकानं माह्यं पुस्तक वाचलंच नाही! पाच वर्षं घातली म्या, आन् याईले दोन पानं उघडनं झालं नाही?"

परीक्षक म्हणजे जऊळक्याचे एक निवृत्त गुरुजी. ते हळूच म्हणाले, "बाबू, ठेव ते पुस्तक. मंग बोलू."

"कायले ठेवू? आताच वाचून दाखवतो सगळ्याईले!"

टर्रकन पानं सोडवली आणि खड्या आवाजात सुरू केलं, "आत्याबाईंनी चुलीवर चहा ठेवला आणि..."

"अवो!" सुनीता ओरडली, "आत्याबाई तं साठाव्या पानावर मेल्या ना! तेरवी झाली त्यायची!"

सभागृहात असा हशा उठला की विचारू नका. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं. "हे पाय, तुहा डिंक पिवळा व्हता. ही पांढरी खळ हाये, माह्या घरच्या कणकेची. म्या पान सोडवलं, वाचलं, आन् स्पर्धेच्या अध्यक्षाईच्या नजरेत तुही चूक येऊ नये म्हनून परत चिकटवलं. बाकी पुस्तक लय चांगलं हाये. तिसरं बक्षीस देऊन राह्यलो व्हतो ना तुले! म्या त्या म्हातारीले झाकलं, आन् तू तिले माइकसमोर उभं केलं!"

तिसरं बक्षीस दुसऱ्याला गेलं. राग? अजून आहे हो! पण काढू कोणावर? त्या दिवशी व्यासपीठावरून माझं नाव पुकारलं गेलं ते एकदाच. माइक परत मागायला.